स्फोटक ताकदीसाठी केटलबेल : व्यायाम कोणता आणि वजन किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे केटलबेलविषयी, म्हणजे वर हँडल असलेल्या लोखंडी गोळ्याविषयी, आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे : दम किंवा वजन घटवणे हा हेतू नसून अंगात झटका यावा, उडी आणि धाव सुधारावी यासाठी केटलबेल कसे वापरावे. त्यामुळे या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका संघाकडून कबड्डी खेळतो. मी चढाईपटू आहे आणि माझे वजन ६८ किलो आहे. वर्षभर बारबेलने स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे) केल्यामुळे स्क्वॉट ९० किलोपर्यंत पोहोचला आहे. दोन महिन्यांपासून प्रशिक्षकांनी १२ किलोच्या केटलबेलने स्विंगचे (केटलबेल पायांमधून मागे नेऊन खुब्यांच्या झटक्याने छातीपर्यंत झुलवण्याचे) प्रत्येकी ५० आवर्तनांचे चार सेट दिले आहेत. दम वाढला, पण साखळीतून सुटताना लागणारा जोर होता तेवढाच आहे. आता वजन वाढवू की आवर्तने?

उत्तर : वजन दुप्पट करा, आवर्तने थेट पाच-सहावर आणा आणि दोन सेटमधली विश्रांती वाढवा. तुम्ही सध्या करत आहात तो व्यायाम वाईट नाही, परंतु तो दुसऱ्याच कामाचा आहे, आणि त्याचे फळ म्हणून दम वाढल्याचे तुम्ही स्वतःच लिहिले आहे.

शक्ती म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार, हे आपण शाळेत शिकलो. स्नायूला स्फोटक बनवायचे असेल तर प्रत्येक आवर्तनात हे दोन्ही घटक भरपूर असले पाहिजेत. पन्नास आवर्तनांच्या सेटमध्ये तसे होऊच शकत नाही, कारण अगदी जोरकस हालचालीसाठी स्नायू ज्या क्रिएटिन फॉस्फेटवर विसंबून असतो, त्याचा साठा दहा-एक सेकंदांतच बराचसा खर्ची पडतो आणि तो पुन्हा भरून यायला काही मिनिटे लागतात. त्यापुढची चाळीस आवर्तने तुम्ही मंदावलेल्या स्नायूंनी करता, आणि शरीर तीच मंद गती शिकत जाते. चढाई ३० सेकंदांची असली, तरी पाय मारून मध्यरेषेकडे झेपावण्याचा किंवा पकड सोडवण्याचा निर्णायक क्षण एक-दोन सेकंदांचाच असतो, आणि तयारी त्या क्षणाची व्हायला हवी.

वजन वाढवा असे मी म्हणतो, त्यामागे स्विंगचे एक वैशिष्ट्य आहे. उडी मारताना अंगावर भार वाढवला की उडीची उंची घटते, म्हणजे बल वाढले तरी वेग कमी होतो. स्विंगमध्ये मात्र केटलबेलला छातीच्या उंचीपर्यंतच जायचे असते, आणि कोणतीही वस्तू ठरावीक उंचीपर्यंत पोहोचवायला सुरुवातीला द्यावा लागणारा वेग तिच्या वजनावर अवलंबून नसतो. १२ किलोचे केटलबेल छातीपर्यंत न्यायला लागणारा वेग आणि २४ किलोचे न्यायला लागणारा वेग जवळपास सारखाच असतो, पण बल मात्र दुप्पट लागते. म्हणून उंची आणि लय कायम राहत असेल, तोवर जड केटलबेल म्हणजे अधिक शक्ती. इंग्लंडमधील लेक आणि लॉडर या संशोधकांनी २०१२ साली १६, २४ आणि ३२ किलोच्या स्विंगचे मोजमाप केले, तेव्हा ३२ किलोच्या स्विंगमध्येच शक्ती सर्वाधिक आढळली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, केवळ १२ किंवा १६ किलोचे स्विंग करणाऱ्या पुरुषांची उभी उडी आणि स्क्वॉटची कमाल ताकद दोन्ही सुधारल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. हलक्या वजनाने काहीच होत नाही असे नाही. परंतु ९० किलोचा स्क्वॉट करणाऱ्या खेळाडूच्या खुब्यांना १२ किलोचे आव्हान फारसे उरत नाही.

दोन हातांच्या स्विंगसाठी सराव असलेल्या पुरुषाने शरीराच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग धरावा, हा माझा ठोकताळा आहे. तुमच्या बाबतीत तो २४ किलोच्या आसपास येतो. पहिले दोन आठवडे २० किलो घ्या, नंतर २४ वर जा. वजन योग्य आहे की नाही, हे ठोकताळ्यापेक्षा केटलबेल स्वतः चांगले सांगते. मोबाइल बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून एक सेट चित्रित करा. वर पोहोचल्यावर केटलबेलचा तळ हातांच्या रेषेत पुढे असला पाहिजे. तळ खाली लोंबत असेल तर खुब्यांचा जोर कमी पडून खांदे ते ओढत आहेत, म्हणजे वजन जास्त आहे किंवा तुम्ही थकला आहात. तळ मनगटाच्या वर उसळत असेल तर वजन कमी आहे, नाहीतर खांद्यांनीच ते वर फेकले जात आहे. सहाव्या आवर्तनाची उंची पहिल्याइतकी राहिली नाही, तर सेट पाचावर थांबवा. कागदावर सहा लिहिले आहे म्हणून सहावे रेटायचे नाही.

व्यायामांची निवड मोजकी ठेवा. पहिला दोन हातांचा स्विंग : पाच-सहा आवर्तनांचे सहा ते आठ सेट, प्रत्येक सेटनंतर किमान दीड मिनिट विश्रांती. दुसरा एका हाताने क्लीन करून पुश प्रेस, म्हणजे केटलबेल खांद्याशी आणून गुडघ्यांच्या छोट्या दणक्याने डोक्यावर नेणे : १६ किलो, प्रत्येक हाताने तीन-चार आवर्तने, चार सेट. पायांचा जोर धडातून हातापर्यंत पोहोचवण्याचे हे शिक्षण कबड्डीत धक्का देताना आणि पकड तोडताना थेट कामी येते. हे दोन्ही व्यायाम अंग गरम झाल्यावर, परंतु स्क्वॉट आणि डेडलिफ्टच्या आधी, ताज्या अंगाने करायचे. आठवड्यातून दोन दिवस पुरेसे आहेत, आणि स्पर्धेच्या आठवड्यात एकच दिवस, तोही निम्म्या सेटचा.

स्क्वॉट सोडू नका. स्विंगमध्ये मुख्य काम नितंबांचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे असते, गुडघा सरळ करणाऱ्या पुढच्या स्नायूंना तेथे फारसे काम नसते, शिवाय ज्या ताकदीतून झटका यायचा ती मूळची ताकद वाढवायला बारबेलच अधिक सोयीचा आहे. दुसरे असे की स्विंग पुढे-मागे चालतो आणि कबड्डी आडवी, तिरकी खेळली जाते. त्यामुळे आडव्या उड्या आणि दिशाबदलाच्या छोट्या धावा यांची जागा केटलबेलला देऊ नका. दर चार आठवड्यांनी उभ्याने लांब उडी मोजा. ती वाढत असेल तर सराव योग्य मार्गावर आहे. घाम किती आला, यावरून याचा अंदाज बांधता येत नाही.

प्रश्न : मी ठाणे जिल्ह्यातील २४ वर्षांची खो-खो खेळाडू असून माझे वजन ५८ किलो आहे. जिममध्ये मुलींना सहा किलोच्या वरचे केटलबेल देत नाहीत. त्याने स्विंग करताना ते डोक्याच्याही वर जाते. हे वजन योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि केटलबेल डोक्यावर जाणे हाच त्याचा पुरावा आहे. सहा किलो इतके हलके असते की खुब्यांनी काहीच न करता खांदेच ते उचलून टाकतात. मुलींना हलकेच वजन द्यायचे, ही समजूत आपल्या व्यायामशाळांतून अजून गेलेली नाही याचे मला वाईट वाटते, कारण तिच्यामुळे चांगल्या खेळाडूंची वर्षे वाया जातात. स्त्री आणि पुरुष यांच्या ताकदीतला फरक खांद्यांत आणि दंडांत अधिक असतो, तर खुब्यांत आणि पायांत तो बराच कमी असतो. म्हणून स्विंगसाठी तुम्ही १२ किलोने सुरुवात करा आणि पाच आवर्तनांचे सहा सेट सारख्या उंचीने जमू लागले की १६ वर जा. डोक्यावर नेण्याच्या व्यायामांत मात्र आठ किलोपासूनच सुरू करा. दोन्हींकडे एकच वजन वापरण्याचा हट्ट धरू नये.

१२ वरून १६ म्हणजे एकदम एक तृतीयांश वाढ, आणि केटलबेलमध्ये ही अडचण राहतेच. त्यावर उपाय असा की पहिले दोन सेट १६ ने करावेत, त्या वेळी अंग सर्वांत ताजे असते, आणि उरलेले चार १२ ने करावेत. दर आठवड्याला जड सेट एकेक वाढवत नेला की महिनाभरात बदल पूर्ण होतो.

खो-खोसाठी एक खास व्यायाम सुचवतो. पाटीवर बसलेल्या खेळाडूला खो मिळताच स्थिर अवस्थेतून उठून पळायचे असते. आधी खाली जाऊन उसळी घेण्याची सवलत तिला नसते. नेहमीच्या स्विंगमध्ये ती सवलत असते, कारण केटलबेल मागे जाताना स्नायू ताणले जातात आणि त्या ताणाचा फायदा पुढच्या जोराला मिळतो. म्हणून तुमच्या सेटपैकी निम्मे सेट जमिनीवरून सुट्या स्विंगचे करा : केटलबेल पावलांच्या हातभर पुढे ठेवायचे, तेथून मागे ओढून एकच स्विंग मारायचा, परत जमिनीवर ठेवून पूर्ण थांबायचे, आणि मग पुढचा. त्याच्या जोडीला आठ किलोचे केटलबेल छातीशी धरून खोल बैठकीत जा, खाली दोन सेकंद थांबा आणि झटक्यात उठा. याची चार आवर्तने आणि चार सेट पुरेसे आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून नाशिकला राहतो. गिर्यारोहणासाठी पायात जोर यावा म्हणून १६ किलोचे स्विंग सुरू केले, पण दुसऱ्या दिवशी कंबर धरते. डेडलिफ्ट याहून जड करूनही त्रास होत नाही. मग स्विंगनेच का?

उत्तर : दुखणे नितंबाखाली पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि तोवर स्विंग पूर्ण बंद ठेवा. तसे काही नसेल तर पुढे वाचा.

डेडलिफ्ट सोसतो पण स्विंग सोसत नाही, हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्गिल यांनी स्विंगमध्ये कण्यावर येणाऱ्या भाराचा अभ्यास केला, तेव्हा कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर पडणाऱ्या सरकवणाऱ्या बलाची दिशा नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट असल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे काहींच्या पाठीला स्विंगने आराम पडतो, तर जड वजन सहज पेलणाऱ्या काहींना तोच खुपतो. आपली पाठ कोणत्या गटात मोडते, हे तंत्र सुधारल्यावरच कळेल.

तंत्रातल्या चुका बहुधा तीन असतात. पहिली, खुब्यातून मागे न जाता गुडघे वाकवून बैठक मारणे. दुसरी, केटलबेल परतताना घाईने वाकणे. वास्तविक दंड बरगड्यांना टेकेपर्यंत उभेच राहायचे असते आणि मग नितंब मागे न्यायचे असतात. केटलबेल गुडघ्यांच्या खालून जाऊ द्यायचे नाही, ते मांड्यांच्या अगदी वरच्या भागातून मागे गेले पाहिजे आणि मनगटाच्या वरचा हात मांडीच्या आतल्या बाजूला टेकला पाहिजे. केटलबेल खाली गेले की भाराचे अंतर वाढते, आणि वाढलेला सगळा ताण कमरेवर येतो. तिसरी चूक वरच्या टोकाला, छाती पुढे काढून कंबर मागे कलवण्याची. तेथे नितंब आवळून, पोट घट्ट करून, ताठ उभे राहायचे, त्यापलीकडे काही नाही.

पहिल्या दोन चुका तपासायला एक टॉवेल पुरेसा आहे. हँडलमधून टॉवेल ओवून त्याची दोन्ही टोके एकत्र धरा आणि आठ किलोने स्विंग करा. जोर खुब्यांतून येत असेल तर हात, टॉवेल आणि केटलबेल एका सरळ रेषेत फिरतील. हातांनी ओढत असाल तर टॉवेल मध्येच मोडून सैल पडेल आणि केटलबेल गचके खाईल. तीन आठवडे फक्त केटलबेलचा डेडलिफ्ट आणि हा टॉवेलचा सराव करा, नंतर जमिनीवरून सुटा स्विंग १२ किलोने सुरू करा. एवढे करूनही कंबर धरली, तर स्विंगचा नाद सोडून उंच पायरीवर झपाट्याने चढण्याचा व्यायाम घ्या. डोंगर चढणाऱ्याला त्याचा उपयोग तसाही अधिक आहे.

प्रश्न : पुण्यातील माझे काही मित्र दहा मिनिटे न थांबता स्नॅच (केटलबेल पायांमधून एकाच झटक्यात डोक्यावर नेणे) करण्याच्या स्पर्धेची तयारी करतात. उंच उडीसाठी मीही तेच केले तर चालेल का?

उत्तर : तो एक स्वतंत्र आणि मानाचा खेळ आहे. केटलबेल मूळचे रशियातले. तेथील पूद या जुन्या मापाचे सुमारे १६.३८ किलो होतात, आणि १६, २४, ३२ ही केटलबेलची प्रमाण वजने एक, दीड आणि दोन पूदांवरूनच आली आहेत. दहा मिनिटांच्या त्या स्पर्धेत केटलबेल खाली ठेवायचे नसते, म्हणून स्पर्धक जाणीवपूर्वक कमीत कमी श्रमात प्रत्येक आवर्तन करायला शिकतात. उंच उडीला याच्या नेमके उलट हवे, म्हणजे एकाच प्रयत्नात सर्वस्व ओतणे. त्यामुळे स्नॅच जरूर करा, परंतु प्रत्येक हाताने पाच आवर्तने, मग दोन मिनिटे विश्रांती, असे पाच-सहाच सेट करा. स्विंगमध्ये उंची छातीशी थांबते, येथे मात्र केटलबेल डोक्यावर नेऊन स्थिर करायचे असते, म्हणून वजन दोन पायऱ्या खाली घ्या. ज्याचा दोन हातांचा स्विंग २४ किलोचा आहे, त्याला १६ ठीक.

स्नॅच करताना काहींचे तळहात सोलवटतात, ते बहुधा घट्ट पकडीमुळे. केटलबेल खाली येताना ते बोटांच्या आकड्यात तोलायचे आणि वर जाताना हँडलला हाताभोवती फिरू द्यायचे, मुठीत आवळायचे नाही.

प्रश्न : कोल्हापूरच्या तालमीत आम्ही मुद्गल फिरवतो. कुस्तीसाठी केटलबेलची वेगळी गरज आहे का?

उत्तर : मुद्गल सोडू नका. खांद्यांच्या सर्व दिशांची ताकद, मनगट आणि पकड यांसाठी त्याच्या तोडीचे साधन केटलबेल नाही, असेच माझे मत आहे. जोर, बैठका आणि सपाट्या यांनी पेहलवानाचा दम तयार होतो. मात्र मुद्गल मुख्यतः खांद्यांभोवती फिरतो आणि त्यात खुबे झटक्याने सरळ करण्याचा भाग थोडा असतो, तर प्रतिस्पर्ध्याला उचलून फेकताना नेमका तोच लागतो. तेवढी उणीव भरून काढायला आठवड्यातून दोन दिवस जड स्विंग घ्या. ८० किलोच्या आसपासच्या पेहलवानाने २४ ने सुरुवात करून ३२ पर्यंत जावे. याखेरीज दोन केटलबेल एकदम खांद्याशी आणण्याचा क्लीन करा, प्रत्येकी १६ किलो आणि चारच आवर्तने, कारण मिठीत घेऊन उचलण्याशी त्याचे चांगले साम्य आहे. हे लढतीच्या सरावाआधी करावे. सराव संपल्यावर थकलेल्या अंगाने केले तर केवळ थकवा वाढेल.

प्रश्न : घरी सरावासाठी दोनच केटलबेल घेणे परवडेल. कोणती घ्यावीत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एक डोक्यावर नेण्यासाठी आणि एक स्विंगसाठी, असा विचार करा. नवख्या पुरुषाने १२ आणि २० किलो, नवख्या स्त्रीने आठ आणि १६ किलो घ्यावीत. मोठे केटलबेल पहिले दोन-तीन आठवडे फक्त डेडलिफ्टसाठी वापरावे. वर्षभर वजने उचलण्याचा सराव असेल तर पुरुषांनी १६ आणि २४ घ्यावीत.

ओतीव लोखंडाची केटलबेल वजनानुसार लहान-मोठी असतात आणि स्वस्त पडतात. स्पर्धेची पोलादी केटलबेल सर्व वजनांत एकाच आकाराची असतात, त्यामुळे वजन बदलले तरी मनगटावर टेकण्याची जागा बदलत नाही. केवळ स्विंग करणार असाल तर लोखंडी पुरे, किंबहुना तेच बरे, कारण त्याच्या रुंद हँडलमध्ये दोन्ही हात मोकळे बसतात. स्पर्धेच्या केटलबेलचे हँडल अरुंद असते. प्लास्टिकच्या कवचात वाळू किंवा सिमेंट भरलेली केटलबेल टाळा, ती आकाराने अवाढव्य असतात आणि मांड्यांमधून नीट जात नाहीत. दुकानात हँडलच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. ओतकामाची शिवण किंवा कंगोरा हाताला लागत असेल, तर दुसरे मागा.